युजर कोल्हापूरचा आणि टूल दाखवतंय मुंबई? आधी हे तपासा

युजर म्हणतो मी कोल्हापुरात बसलोय, आयपी पत्त्यावरून जागा ओळखणारं तुमचं टूल दाखवतंय मुंबई नाहीतर थेट अमेरिका, आणि आपण लगेच डेटाबेसला दोष देऊन पेड प्लॅन बघायला लागतो. थांबा जरा. लुकअपला, म्हणजे डेटाबेसमध्ये शोधायला, कुठला आयपी जातोय तो आधी लॉगमध्ये छापून बघा, बऱ्याचदा गडबड तिथेच असते.

साइट क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेच्या किंवा लोड बॅलन्सरच्या (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणारा) मागे असेल तर सर्व्हरला दिसणारा आयपी युजरचा नसतोच, प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या सर्व्हरचा असतो. सगळे युजर एकाच शहरात दिसतायत? मग हेच झालंय. क्लाउडफ्लेअर असेल तर विनंतीबरोबर येणारा सीएफ-कनेक्टिंग-आयपी हा हेडर वाचा. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा हेडर वापरत असाल तर त्यात स्वल्पविरामाने जोडलेली यादी येते आणि डावीकडचा आयपी कोणीही खोटा टाकू शकतो, त्यामुळे उजवीकडून आपले ओळखीचे प्रॉक्सी वगळत या आणि पहिला अनोळखी आयपी घ्या. लॉगमध्ये '१०.' किंवा '१९२.१६८.' ने सुरू होणारे आयपी दिसले तर ते खाजगी नेटवर्कचे, त्यांचं लोकेशन कुठल्याच डेटाबेसमध्ये मिळणार नाही.

आयपी बरोबर असेल तर डेटाबेसच्या फाइलची तारीख बघा. मॅक्समाइंड या कंपनीची फुकट जिओलाइट फाइल आठवड्यातून दोनदा अपडेट होते, पण लोक ती एकदा उतरवतात आणि वर्षभर तशीच ठेवतात. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावा, आणि फाइल बदलल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करा, कारण बऱ्याच लायब्ररी जुनी फाइल मेमरीत धरून बसतात. तुमचा स्वतःचा कॅशही (साठवून ठेवलेले जुने निकाल) रिकामा करायचा, तो सगळेच विसरतात.

मॅपवर मार्कर भलतीकडेच असेल तर अक्षांश-रेखांश उलटे झालेत का बघा. लीफलेट या मॅप लायब्ररीला आधी अक्षांश लागतो, जिओजेसन या फॉरमॅटला आधी रेखांश. पुण्याचे १८.५२, ७३.८६ उलटे टाकले की मार्कर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो.

आता कोल्हापूर-मुंबईचं. मोबाइल डेटावर हजारो लोक एकाच पब्लिक आयपीमागे असतात आणि डेटाबेसला बहुतेकदा मोबाइल कंपनीचा गेटवे (तिचं नेटवर्क इंटरनेटला जोडणारा सर्व्हर) ज्या शहरात आहे तेच कळतं. युजरला घरच्या वायफायवर येऊन परत बघायला सांगा, लोकेशन बदललं तर शंका फिटली. व्हीपीएन चालू आहे का तेही विचारा. हे तुमच्या कोडने सुटणारं नाही. शहर खरंच हवं असेल तर ब्राउझरचं लोकेशन परवानगी घेऊन वापरा (साइट एचटीटीपीएसवर हवी) नाहीतर सरळ पिनकोड विचारा.

आणि कृपा करून मॅपवर अचूक बिंदू दाखवू नका. देश अमेरिका एवढंच माहीत पण शहर माहीत नाही असे ६० कोटींहून जास्त आयपी मॅक्समाइंडने ३८ उत्तर, ९७ पश्चिम अशा गोल आकड्यावर टाकले होते, आणि तिथे कॅन्ससमध्ये एक शेतघर होतं. चोरीचे फोन शोधणारे, ऑनलाइन फसलेले, पोलिस, सगळे वर्षानुवर्षं तिथे येऊन धडकायचे, त्या घरातल्यांना कारणच कळत नव्हतं. २०१६ मध्ये हे उघड झालं तेव्हा कंपनीने तो बिंदू हलवून एका तलावात टाकला. प्रत्येक निकालाबरोबर अचूकतेची त्रिज्या किलोमीटरमध्ये येते, ती वाचा, मोठं वर्तुळ काढा, आणि त्रिज्या ५०० च्या आसपास असेल तर शहराचं नावच लपवा, फक्त देश दाखवा.

एवढं करूनही एखादा आयपी चुकीचाच येत असेल तर मॅक्समाइंड, आयपीइन्फो या डेटाबेस कंपन्यांकडे दुरुस्तीचा फॉर्म असतो, प्रत्येकाकडे वेगळा भरावा लागतो. आयपी ब्लॉक तुमच्याच कंपनीचा असेल तर आरएफसी ८८०५ या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे जिओफीडची (कुठला आयपी कुठल्या गावचा याची यादी) सीएसव्ही बनवून तिची लिंक आयपी वाटणाऱ्या रजिस्ट्रीच्या नोंदीत टाका. मग काही दिवसांनी नवीन फाइल उतरवून तोच आयपी परत टाकून बघा.