ड्रॅगनला बकऱ्या किती लागतात?

किशोरवयीन मुलांसाठी ड्रॅगनची साहसकथा लिहायला बसला असाल तर पहिली दोन प्रकरणं त्याला आत घेऊ नका. आधी जमीन, मग थंडी, मग सरपण, जनावरं आणि माणसं. या सगळ्यांचं जेमतेम भागतंय हे वाचणाऱ्याला कळलं की मग त्याला येऊ दे. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडे गोष्टी लिहायला येणारी मुलं नेमकं उलटं करतात. पहिल्या ओळीत गर्जना, दुसरीत आग, तिसरीत गाव बेचिराख, आणि चौथ्या ओळीपाशी पेन्सिल चावत बसतात. मी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा माझा सल्लाही भूगोलाच्या बाईंचाच असणार. नकाशा उघडा.

मी मुलांना लडाखच्या पूर्वेचा चांगथांग देते. अख्खं काल्पनिक जग उभारायचं असलं तरी एक खरा मुलूख हाताशी ठेवावा. नावं खुशाल बदला, उंची बदलू नका. इथली पठारं चार-साडेचार हजार मीटरवर आहेत. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वरला जुलैत एका दिवसात पडून जातो तेवढा. झाड नाही. इथले चांगपा लोक याकच्या केसांच्या काळ्या तंबूत, रेबोत राहतात, पश्मिना बकऱ्या, मेंढ्या आणि याक घेऊन वर्षातून अनेकदा मुक्काम हलवतात, आणि चूल पेटते ती वाळलेल्या शेणावर. सरहद्दही नावापुरती नाही. 1962 च्या युद्धानंतर इथल्या कळपांची हिवाळी कुरणं सीमेच्या भानगडीत आक्रसली. जिथं गवताच्या पट्ट्यावरून माणसं आधीच चिंतेत आहेत, तिथं आता तुम्ही दोन टनांचं भुकेलं जनावर सोडणार आहात.

आता वही-पेन घ्या, कारण पुढचं सगळं याच हिशेबावर उभं आहे.

सिंह साधारण 180 किलोचा धरा, दिवसाला सरासरी सात किलो मांस. वजन अकरा पट झालं म्हणून खाणं अकरा पट होत नाही. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार शरीराची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते, म्हणजे इथं साधारण सहा पट. दोन टनांच्या उष्ण रक्ताच्या ड्रॅगनला रोज चाळीसेक किलो मांस लागलं. पश्मिना बकरी फार तर पस्तीस-चाळीस किलोची, त्यातही हाडं-शिंगं आली. रोज एक बकरी तर हवीच. एखाद्या बऱ्या घरचा दोन-तीनशे बकऱ्यांचा कळप वर्षाच्या आत संपला, आणि कळपाबरोबर तुमची गोष्टही.

म्हणून त्याला थंड रक्ताचा करा. सरपटणाऱ्या प्राण्यांना तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या ढोबळमानाने दशांश ऊर्जा पुरते. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत गिळू शकतो आणि वर्षाकाठी बाराएक जेवणांवर भागवू शकतो. तुमच्या ड्रॅगनला आता वर्षाला चाळीसेक बकऱ्या झाल्या. हा आकडा मला फार आवडतो. एका घराला तो बुडवतो, पण वीस तंबूंच्या वस्तीला झेपतो, दर घरामागे दोन. म्हणजे वर्गणी आली. वर्गणी आली की ती कोण गोळा करतं, कोण चुकवतं, कोण मरतुकडी बकरी देऊन मोकळा होतो, आणि कुणाच्या लाडक्या बकरीची पाळी आली, हे सगळं आपोआप आलं. बर्फाच्या वाईट वर्षी, ज्या वर्षी गवत गाडलं जातं आणि बकऱ्या उपाशी मरतात, त्या वर्षी ड्रॅगनचा वाटा कापायचा की नाही, यावर आख्खं एक प्रकरण उभं राहतं. कथानक सुचत नाही म्हणणाऱ्या मुलांना मी हे गणित फळ्यावर सोडवायला लावते.

थंड रक्ताचा केला की पुढचा प्रश्न लगेच येतो. उणे तीसमध्ये तो जगेल कसा? इथं मात्र निसर्गाने आपल्यासाठी सोय करून ठेवली आहे. तिबेटात चार हजार मीटरहून उंचावर एक साप राहतो, तो गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आसपासच. आणि चांगथांगात साधारण 4,400 मीटरवर पूगा नावाचं खोरं आहे. जमिनीतून वाफा निघतात, झऱ्यांचं पाणी 84 अंशांपर्यंत तापलेलं असतं, आणि त्या उंचीवर पाणी उकळतंच 85 अंशांच्या आसपास. भोवती गंधकाचे पिवळे आणि टाकणखाराचे, म्हणजे बोरॅक्सचे, पांढरे थर. हवेला सडक्या अंड्यांचा वास. ड्रॅगनचं घर शोधायला याहून लांब जायची गरज नाही. हिवाळाभर तो खोरं सोडू शकत नाही, उन्हाळ्यात मात्र दूरवर जातो. म्हणजे हिवाळ्यात धोका एका जागी बांधलेला आणि उन्हाळ्यात कुठेही. तुमच्या कादंबरीचं वेळापत्रक यातूनच निघतं.

आगीबद्दल थोडक्यात. गंधक निळसर ज्योतीने जळतं, भर उन्हात ती धड दिसतही नाही, आणि तिचा धूर घसा धरतो. बारावीच्या प्रयोगशाळेत बोरेटची परीक्षा केलेल्यांना हिरवी ज्योत आठवत असेल. पूगाचं पाणी पिणाऱ्याची ज्वाला निळी-हिरवी असावी, एवढं मी सुचवते. लाल-पिवळ्या आगीचे लोळ नकोत, त्या उंचीवर हवा विरळ, आपल्या शेणाच्या चुलीला सुद्धा भाता लागतो. ज्वाला फार तर दोनदा-तीनदा वापरा. आणि प्रत्येक वेळी तिची किंमत त्याच्या अंगातून वसूल करा: ज्वाला काढली की तो गारठतो, सुस्तावतो, परत झऱ्याकडे जाईपर्यंत कुणाच्याही हाती लागू शकतो.

उडण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्यावर मी वेळ घालवते. आजवर उडालेल्या सर्वांत मोठ्या जिवांपैकी एक, क्वेत्झालकोआत्लस हा डायनासोरांच्या काळातला उडता सरपटणारा प्राणी, पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत दहा-अकरा मीटर आणि वजन अंदाजे दोन-अडीचशे किलो. दोन टन उडत नाहीत. त्यात चांगथांगातली हवा समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश घनतेची. मुलांचे चेहरे इथं पडतात. मग मी त्यांना एक वाट दाखवते: पिल्लं उडतात, वाढलेले उडत नाहीत. दीडशे-दोनशे किलोपर्यंत पंख पेलतात, पुढे वजन वाढतं आणि एका उन्हाळ्यानंतर तो कायमचा जमिनीवर येतो. पाठीवर बसायचंच असेल तर चौदा वर्षांच्या सडपातळ मुलीने, तेही कड्यावरून खाली तरंगत येताना, वर चढताना नाही. वारा कुठल्या वेळी दरीतून वर येतो हे तिला ठाऊक असायला हवं. दुपारनंतर तिथं वारा सुटतो. सकाळ शांत असते. तिथल्या त्सो मोरिरी सरोवरावर वीण घालायला येणारे पट्टेरी डोक्याचे हंस हिमालय ओलांडतात, त्यांना उडताना पाहून ती शिकली तर मला पटेल. आणि पिल्लाला किती दिवस उरलेत ते वाचकाला सांगत बसू नका. वजन वाढताना दाखवा, पुरे.

एकदा सातवीतल्या मुलाने विचारलं, “बाई, पण ड्रॅगन शी कुठे करतो?” वर्ग खिदळला. मी म्हटलं, याला शंभर गुण. ज्या मुलखात शेण हेच सरपण, तिथं हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. मांसाहारी जनावराची विष्ठा शेणासारखी जळत नाही, तिच्यात गवताचा चोथा नसतो. पण तिच्यात न पचलेले केस असतात. हिमबिबट्याने काय खाल्लं हे संशोधक असंच शोधतात, विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून. मग तुमच्या नायिकेला ड्रॅगनची वाळलेली विष्ठा सापडू दे. गावाचं म्हणणं, हरवलेल्या बकऱ्या त्यानेच नेल्या. हिच्या हाती लागतात कियांगचे, म्हणजे तिथल्या रानगाढवाचे, जाडेभरडे केस. पश्मिन्याची बारीक लव कुठेच नाही. पश्मिना रोज हाताळणारी मुलगी हे डोळे मिटून ओळखेल. बकऱ्या कुणी नेल्या? इथून पुढे रहस्यकथा सुरू, आणि ती कुठल्याही भविष्यवाणीपेक्षा बरी. “निवडलेली मुलगी”, तळहातावरची जन्मखूण वगैरे मी सरळ खोडते.

नायिकेचं काय? आईबापांना पहिल्या पानावर मारून टाकायची खोड सोडा. चांगपांची बरीच मुलं निवासी शाळेत शिकतात आणि हिवाळ्याच्या लांब सुट्टीत तंबूत परततात. तिथंच ताण आहे. तिला त्रिकोणमिती येते, पण गोफणीचा खडा कळपाच्या नेमका पुढे टाकून बकऱ्या वळवणं धाकट्या भावाला तिच्याहून चांगलं जमतं. आजी म्हणते, “शाळेने तुझे कान नेले.” आजीला ती आबी-ले म्हणेल, आईला आमा-ले, धाकट्या भावाला नोनो. हे शब्द तसेच ठेवा, तळटीप देऊ नका, दोन पानांत मुलांना कळतं. बाकी संवाद साध्या मराठीत. तिच्या तोंडी पुण्याच्या कॉलेजकट्ट्यावरची भाषा घालू नका, आणि “हे वत्सा” तर त्याहून नको.

तिला काम द्या. मार्च-एप्रिलला करडं जन्मतात, मे-जूनमध्ये कंगव्याने पश्मिना काढतात, एका बकरीमागे जेमतेम पाव किलो. साहस या कामांच्या मधल्या फटीत घडू दे. कादंबरीतली मुलं आठवडाभर ड्रॅगनच्या मागे भटकतात आणि घरी कुणी विचारत नाही, हे मेंढपाळ कुटुंबात शक्य नाही. तिच्या जागी कळप कोण पाहतोय, ते मला दर प्रकरणात कळलं पाहिजे. लडाखला जाणं परवडत नसेल तर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघालेल्या धनगरांच्या वाड्यावर एक संध्याकाळ बसा, त्यांची हरकत नसेल तर. लांडगा आला की कुत्री कशी भुंकतात, रात्री कोण जागतं, हरवलेलं मेंढरू किती वेळ शोधायचं आणि कधी नाद सोडायचा, हे विचारा. उत्तरं चांगथांगला जशीच्या तशी लागू होणार नाहीत. प्रश्न मात्र हेच आहेत.

आता श्रद्धांकडे, आणि इथं जरा सांभाळून. लडाखमध्ये ड्रॅगन तुमच्या आधीपासून आहे. बाराव्या-तेराव्या शतकात होऊन गेलेल्या त्सांगपा ग्यारे यांना गडगडाटासह आकाशात ड्रॅगन उडताना दिसले, अशी परंपरा आहे. त्यांच्या द्रुकपा या बौद्ध संप्रदायाचं नाव त्यावरूनच (‘द्रुक’ म्हणजे ड्रॅगन), आणि हेमिस, हान्ले हे मठ त्याच संप्रदायाचे. मेघगर्जना हा त्याचा आवाज. जिथं पाऊसच इतका कमी, तिथं हा आवाज किती क्वचित ऐकू येत असेल! दुसरीकडे ‘लू’ आहेत, झऱ्यांत आणि जमिनीखाली राहणारे, नागांशी नातं सांगणारे. पाणी घाण केलं, भलत्या जागी खणलं की ते कोपतात. आपल्याला हे परकं नाही. नागपंचमीला आपल्याकडेही नांगर धरत नाहीत, चिरत-कापत नाहीत. मी मुलांना सांगते, तुमचा पूगाचा ड्रॅगन लू आहे की नाही यावर गावातच दोन मतं असू देत. आजीला वाटतं आहे, भावाला वाटतं नाही, आणि लेखकाने निकाल देऊ नये. देवळातल्या मूर्तीला मांस खाणारं जनावर ठरवणं किंवा जनावराला देव ठरवणं, दोन्ही कुणाच्या तरी घरात बूट घालून शिरल्यासारखं होतं.

खलनायकाची भरती यातूनच करा. पूगाच्या उष्णतेवर वीज काढायची योजना खरोखर आहे; 2021 मध्ये ओएनजीसीने लडाखच्या प्रशासनाशी त्याचा करार केला. तुमच्या काल्पनिक मुलखातही बाहेरून माणसं विहिरी खोदायला येऊ देत. पण त्यांना मिशा पिळणारे दुष्ट करू नका. उणे तीसमध्ये बाळंत झालेल्या बाईच्या तंबूत ऊब हवी, हे त्यांचं म्हणणं खोटं आहे का? नायिकेची आमा-ले त्यांच्या बाजूने असेल तर गोष्ट जास्त चांगली होईल.

शेवटची लढाई अडली असेल तर शंगदोंग पाहा. लांडग्यांसाठी दगडी भिंतींचा खोल खड्डा, भिंती आत झुकलेल्या, तळाशी आमिषाला जिवंत जनावर. लांडगा उडी मारतो, वर चढता येत नाही, मग लोक वरून दगड टाकतात. लडाखमधल्या चुशूल गावच्या लोकांनी असे काही खड्डे भिंत फोडून निकामी केले, आत पडलेला प्राणी बाहेर पडू शकेल असे, आणि शेजारी स्तूप बांधला. हे खरं घडलेलं आहे. तुमच्या गावाने ड्रॅगनसाठी असा खड्डा बांधला, आणि त्यात पंख न पेलणारं पिल्लू पडलं, तर भिंत कोण फोडेल, केव्हा, आणि त्या वेळी तळाशी असलेली बकरी कुणाची?

हस्तलिखित पूर्ण झालं की दोघांना वाचायला द्या. एक, बारा-तेरा वर्षांचं कुठलंही मूल. ते कुठल्या पानावर उठून पाणी प्यायला गेलं, ते लिहून ठेवा. दुसरं, लडाखचं कुणीतरी. पुण्या-मुंबईत तिकडची मुलं शिकायला असतात. त्यांना मराठी येत नसेल तर हिंदीत तोंडी सांगा, आणि ते जिथं हसतील तिथं का हसलात ते विचारून दुरुस्त करा.