'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांना काम द्या

घरात कॅन्सरचं आजारपण असलं की फोनवर सगळेच म्हणतात, "काही लागलं तर सांग." आणि सांभाळणारं माणूस ऐन वेळी म्हणतं, "नाही, जमतंय."

फ्रिजवर एक कागद लावा. परळला टाटाच्या फेऱ्या सुरू असताना दुसरं कुणी करू शकेल असं प्रत्येक काम सुचेल तसं त्यावर लिहा: मंगळवारचा डबा (बिनतिखट, केमोनंतर तोंड सोललेलं असतं), रिपोर्ट आणणं, धाकटीला क्लासला सोडणं. फोन आला की त्यातलं एकच काम वार-वेळेसकट सांगा आणि पुढे नाव लिहून टाका. लोकांनाही खरंच बरं वाटतं.

एक ओळ स्वतःसाठी हवीच: "रविवारी चार ते सहा पेशंटजवळ कोण?" त्या वेळात झोपा, नाहीतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसा. घरकाम काढू नका.

औषधांच्या वेळा मात्र वाटून देऊ नका. आणि पेशंटजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला बजावून ठेवा: केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटलला फोन करायचा.