लाल पेन बाजूला ठेवून: विद्यार्थ्यांना मनातले लिहिते कसे करावे

मुंबईतल्या आठवीच्या वर्गाला ‘पाऊस’ हा विषय दिला, तर बहुतेक वह्यांमध्ये मोर नाचतो, मातीचा सुगंध दरवळतो आणि बळीराजा सुखावतो. त्याच वर्गात कुर्ल्याची मुले असतात. मिठी नदी फुगली की गाद्या पोटमाळ्यावर कशा चढवायच्या, हे त्यांना पाठ असते. ते मात्र निबंधात येत नाही, कारण निबंध तपासणाऱ्यासाठी लिहायचा असतो, हे मुले फार लवकर शिकतात. त्यांना स्वतःसाठी लिहायला लावायचे असेल, तर आधी या तपासणाऱ्याला वर्गाबाहेर काढावे लागते. तो बहुतेक वेळा आपणच असतो.

सुरुवात वहीपासून करावी. निबंधाची वही यासाठी वापरू नये. वेगळी शंभर पानी वही घ्यावी आणि तिला समास, अनुक्रमणिका, शिक्षकांची सही यांतले काहीही लागू करू नये. खरा प्रश्न ती ठेवायची कुठे, हा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, तिथे दप्तर एकट्याचे नसते. ताई, आई, शेजारची मावशी, कोणीही ते उघडते. म्हणून वह्या शाळेतच कुलपात ठेवाव्यात, आणि वर्ग दोन सत्रांत वापरला जात असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षकखोलीतला एक कप्पा मागून घ्यावा. शिवाय मुलांशी एक ठराव करावा: जे पान आत दुमडून पिन मारलेले असेल, ते शिक्षक उघडणार नाहीत. हा ठराव एकदा जरी मोडला, तरी त्या वर्गापुरता उपक्रम संपला असे समजावे.

गुप्ततेचे वचन देताना त्याची मर्यादाही त्याच दिवशी सांगावी. उघड्या पानावर एखाद्या मुलाच्या जिवाला धोका असल्याचे दिसले, तर शिक्षकाला गप्प बसता येत नाही. आणि लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली, तरी २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे मुलांना सोप्या शब्दांत आधीच सांगितले, तर पुढे विश्वासघात झाल्यासारखे वाटत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा.

त्यानंतर वेळ ठरवावी. आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटे पुरेशी होतात. अमेरिकी प्राध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये मांडलेली मुक्तलेखनाची रीत इथे उपयोगी पडते: पेन थांबवायचे नाही, मागे जाऊन खोडायचे नाही, काही सुचले नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहायचे. पहिले दोन आठवडे ‘भूक लागली’, ‘तास कधी संपणार’ अशी पाने येतील. ती येऊ द्यावीत.

विषय द्यायचाच असेल तर तो लहान आणि ठोस असावा. ‘माझी आई’ म्हटले की ‘वात्सल्यसिंधू’ हा शब्द ठरलेलाच. त्याऐवजी ‘आई चिडली की घरात कोणता आवाज वाढतो?’ असे विचारावे. ‘लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तेव्हा’, ‘आमच्या खिडकीतून दिसणारी भिंत’, ‘आज कोणालाच न सांगितलेली गोष्ट’, अशा विषयांवर पाठ केलेली वाक्ये चालत नाहीत. घरी मालवणी, आगरी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला त्याच बोलीत लिहू द्यावे. एखाद्याने उर्दूत लिहिले आणि आपल्याला ते वाचता आले नाही, तर त्यात काहीही बिघडत नाही.

ही दहा मिनिटे शिक्षकाने फेऱ्या मारू नयेत. स्वतःची वही काढून मुलांसमोर लिहीत बसावे, आणि पहिला परिच्छेद आपणच वाचून दाखवावा, अडखळलेल्या जागांसकट. माझ्या मते यासारखा दुसरा उपाय नाही, आणि याचीच शिक्षकांना सर्वांत अधिक लाज वाटते.

उघड्या पानांना गुण देऊ नयेत आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवू नयेत. त्यासाठी व्याकरणाचा तास आहेच. ‘छान’ हा शेराही टाळावा, कारण पुढच्या वेळी मूल त्या ‘छान’साठी लिहू लागते. पेन्सिलीने एक प्रश्न लिहावा. समजा, मुलीने आजोबा गावी निघून गेल्याचे लिहिले असेल, तर ‘त्यांच्या खुर्चीवर आता कोण बसते?’ एवढे पुरते.

मन हलके होईल, हे आश्वासन मात्र मुलांना देऊ नये. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लेखन केले. ज्यांनी दुःखद प्रसंग आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांची आरोग्य केंद्रातली फेरी पुढच्या महिन्यांत कमी झाली. लिहून उठल्या उठल्या मात्र ते अधिक उदास होते. म्हणून घटक चाचणीच्या आधी किंवा शाळा सुटण्याच्या शेवटच्या तासाला हे लेखन ठेवू नये, आणि दुःखावरच लिहा, असा आग्रह तर मुळीच धरू नये.

काही मुले लिहीतच नाहीत. त्यांना चित्र काढू द्यावे, गाण्याच्या ओळी उतरवू द्याव्यात, नाहीतर स्वस्थ बसू द्यावे. वाचून दाखवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. वर्षअखेरीस वह्या परत कराव्यात. घरी ठेवायला जागा नसलेल्या मुलाला पाने तिथेच फाडून टाकता यावीत. पिन मारलेली पाने किती होती, हे मोजत बसू नये.