निगेटिव्ह स्कॅन करायच्या? आधी प्रिंटचा आकार ठरवा

जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या म्हटलं की बहुतेक जण आधी स्कॅनरच्या किमती बघतात. सुरुवात प्रिंटपासून करा. हातात धरून बघायच्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे ८ × १२ इंचांसाठी २४०० × ३६०० पिक्सेल. ३५ मिमीची फ्रेम २४ × ३६ मिमी, जेमतेम एक इंच बाय दीड इंच. तिच्यातून खरेखुरे २५०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) निघाले तरच ही प्रिंट जमते.

‘खरेखुरे’ म्हणायचं कारण, खोक्यावरचा आकडा फसवा असतो. एप्सन व्ही६०० या फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) ६४०० लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष तपशील मिळतो १५०० डीपीआयच्या आसपास. त्यापुढे फाइल फुगते, चित्र सुधारत नाही. ३५ मिमीसाठी म्हणजे ५ × ७ इंच, बस. मात्र रुंद फिल्मच्या १२० रोलची ५६ मिमी चौकोनी निगेटिव्ह याच यंत्रावर ११ इंचांची सुरेख प्रिंट देते. घरात जुन्या बॉक्स कॅमेऱ्याचे रोल असतील तर फ्लॅटबेडच घ्या.

फक्त ३५ मिमीच असेल तर प्लसटेक ८२००आयसारखा फिल्म स्कॅनर बरा. तपशील तीन हजार डीपीआयच्या वर जातो. पट्टी मात्र फ्रेमगणिक हाताने सरकवावी लागते; शेकडो रोल असतील तर संयम संपतो.

तेव्हा मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढणारी) लावलेला डिजिटल कॅमेरा कामाला येतो: निगेटिव्ह उजेडावर ठेवून तिचा फोटो काढायचा. २४ मेगापिक्सेलची फ्रेम १३ × २० इंचांपर्यंत पुरते. लेन्स १:१ (सेन्सरवर मूळ आकाराचं चित्र पाडणारी) हवी, छिद्र एफ/८, सर्वांत कमी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, टायमर. खाली सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या वरचा एलईडी पॅनल. स्वस्त दिव्यात रंगांचे काही पट्टे कमी पडतात आणि त्वचेचे रंग कितीही ओढले तरी ताळ्यावर येत नाहीत. मोबाइलची स्क्रीन वापरू नका, तिचे पिक्सेल फोटोत उतरतात. पॅनल आणि फिल्ममध्ये थोडं अंतर ठेवा, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसबाहेर जाते.

सगळ्यात जास्त घोळ कॅमेरा आणि फिल्मच्या समांतरपणात होतो. एक कोपरा धारदार, दुसरा मऊ, आणि दोष दिला जातो लेन्सला. उपाय साधा आहे: फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसेपर्यंत स्टँड हलवा. मग स्टँड घट्ट करा आणि पुन्हा एकदा बघा, कारण घट्ट करताना तो हमखास सरकतो.

धूळ ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका. थुंकीचे डाग निघत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात निगेटिव्हला बुरशी लागते. बुरशीने जिलेटिन पोखरलेलं असतं, पाणी लागलं तर ते विरघळून चित्रच निघून येऊ शकतं. अशी पट्टी धुऊ नका, आधी स्कॅन करा. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई (अदृश्य किरणांनी धूळ ओळखून चित्रातून पुसणारी) रंगीत फिल्मवर उत्तम चालते. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर ती बंद करा, कारण तिथली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं.

स्कॅन १६ बिट टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये) ठेवा, जेपेग नंतर काढा. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर नुसतं ‘इन्व्हर्ट’ करून (रंग उलटवून) जात नाही, चित्र निळसर पडतं. व्ह्यूस्कॅन किंवा निगेटिव्ह लॅब प्रोसारखं सॉफ्टवेअर लागतं.

प्रिंटर घ्यायचा तर पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईचा. डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई ताजी असताना जास्त चमकदार दिसते, पण सहसा लवकर उडते. प्रिंटर महिनोन् महिने बंद राहिला की नोझल तुंबतात, साफसफाईतच शाई संपते. आठवड्याला एक नोझल चेक (शाईची छिद्रं तपासणारी छोटी प्रिंट) काढाच. वर्षाला दहा-वीसच प्रिंट काढणार असाल तर प्रिंटरवर पैसे घालू नका, चांगली लॅब गाठा. प्रोफाइल (प्रिंटर-कागदाच्या रंगांची फाइल) आणि रंगाचं स्पेस (फाइलमधल्या रंगांची व्याप्ती) कोणतं हवं ते लॅबला विचारा, नसेल सांगत तर एसआरजीबी हे सर्वसाधारण स्पेस द्या. आणि प्रिंट काळपट आल्या तर प्रिंटरला हात लावण्याआधी मॉनिटरची प्रखरता चौरस मीटरला १०० कॅन्डेलाच्या (प्रखरतेचं एकक) आसपास आणा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.