अमेरिकेतल्या हायस्कूलचा काउन्सेलर: ग्रॅज्युएशन आणि कॉलेजसाठी त्यांच्याकडून काय घ्यायचं, कधी घ्यायचं

आपल्याकडे कसं, दहावी झाली, बारावी झाली, टक्के आले, यादी लागली, अ‍ॅडमिशन झाली. त्यामुळे इथे आल्यावर हायस्कूलमधला काउन्सेलर हा माणूस नक्की कशासाठी असतो हेच आपल्यातल्या बऱ्याच आईबाबांना बारावी उजाडेपर्यंत कळत नाही. इथे नववी ते बारावी अशी चारही वर्षं कॉलेजच्या अर्जात जातात आणि त्यातल्या बऱ्याच अर्जांचा एक भाग शाळेने, म्हणजे काउन्सेलरने भरून पाठवायचा असतो. हा भाग बाहेरचा कुठलाही कन्सल्टंट, कितीही डॉलर घेतले तरी, भरू शकत नाही. म्हणून मनापासून सांगते, कोणालाही चेक लिहिण्याच्या आधी शाळेतल्या त्या ऑफिसात जाऊन या, तिथे जे मिळतं ते फुकट आहे आणि बरंच आहे.

अडचण एकच, त्यांच्याकडे मुलं फार असतात. काउन्सेलर लोकांची राष्ट्रीय संघटना म्हणते एका काउन्सेलरमागे 250 मुलं असावीत, प्रत्यक्षात देशाची सरासरी त्याच्या बरीच वर आहे. तुमचा मुलगा शांत असेल, मार्क चांगले असतील, कधी भानगडीत पडत नसेल तर त्याची फाईल उघडायचं कोणाला कारणच पडत नाही. आपली मुलं नेमकी अशी असतात. त्यामुळे ओळख आपणच करून घ्यायची, आणि आपण म्हणजे मुलाने. ईमेल मुलाने लिहायचा, आईने नाही. चार ओळी पुरतात: मी कोण, कितवीत, मला अमुक दोन गोष्टी विचारायच्या आहेत, तुम्हाला वीस मिनिटं कधी जमतील. नववीत एकदा, दहावीत एकदा असं गेलं तरी अकरावीत त्या बाईंना किंवा सरांना चेहरा आठवतो, आणि पुढे शिफारसपत्र त्यांनाच लिहायचं असतं.

पहिल्या भेटीत काय विचारायचं? ग्रॅज्युएट व्हायला काय लागतं आणि कॉलेजला काय लागतं, हे दोन्ही वेगवेगळं विचारा. इथे खूप जण फसतात. कॅलिफोर्नियात राज्याच्या किमान नियमाप्रमाणे हायस्कूल पास व्हायला दोन वर्षं गणित आणि तीन वर्षं इंग्लिश चालतं, पण यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेट ह्या सरकारी युनिव्हर्सिट्यांना अर्ज करायचा तर ए-जी नावाची पंधरा कोर्सेसची यादी पूर्ण करावी लागते, त्यात इंग्लिश चार वर्षं, गणित तीन वर्षं, दुसरी भाषा दोन वर्षं, आणि प्रत्येकात सी ग्रेड किंवा त्याच्या वर. डी मिळाला तर शाळा पास करेल पण यूसी तो कोर्स धरणार नाही. न्यू जर्सीत ग्रॅज्युएशनला किमान 120 क्रेडिट (कोर्स पास झाला की जमा होतात ते) लागतात, त्यात पर्सनल फायनान्सचा छोटा कोर्सही असतो. प्रत्येक राज्याचं, कधीकधी प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचं वेगळं, म्हणून मैत्रिणीच्या मुलाचं ऐकून ठरवू नका. काउन्सेलरकडून चार वर्षांचा प्लॅन लिहून घ्या आणि दर वर्षी कोर्स निवडायच्या आधी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, तो काढून बघा.

मुलगा नववी-दहावी भारतात करून आला असेल तर इथे जास्त लक्ष द्या. भारतातल्या मार्कशीट, शाळेचा दाखला आणि जमलं तर त्या वर्षांचा अभ्यासक्रमही बरोबर आणा, कारण क्रेडिट किती द्यायचं हे शाळा ते कागद बघून ठरवते. गणिताचा घोळ तर हमखास होतो. आपल्याकडे बीजगणित-भूमिती एकत्रच चालतात, इथे अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू अशी एकेका वर्षाची वेगळी शिडी आहे, त्यामुळे कागदावर "जॉमेट्री" असं नाव दिसलं नाही की मुलाला झालेलंच परत करायला बसवतात. अशा वेळी प्लेसमेंट टेस्ट घ्या असं स्पष्ट सांगायचं, शांतपणे पण सांगायचं, कारण इथे एक वर्ष मागे गेलं की बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचता येत नाही.

आणि मराठीचंही विचारा! जवळजवळ सगळ्या राज्यांत सील ऑफ बायलिटरसी नावाचा शिक्का मिळतो, इंग्लिश आणि अजून एक भाषा लिहिता-बोलता येते म्हणून डिप्लोमावर किंवा ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या वर्षांच्या मार्कांच्या पत्रकावर) लागतो, सुरुवात कॅलिफोर्नियाने 2011 च्या कायद्याने केली. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमधून रविवारी सकाळी वर्षानुवर्षं जाणारी मुलं आहेत, त्यांचं हे काम कुठेतरी कागदावर यायला हवं असं मला फार वाटतं. आपला डिस्ट्रिक्ट मराठीची कुठली परीक्षा मानतो आणि भाषेचं क्रेडिट देतो का हे काउन्सेलरला दहावीतच विचारून ठेवा, सीनिअर इयरला धावपळ नको.

अकरावी, म्हणजे ज्युनिअर इयर, हे खरं कामाचं वर्ष. ऑक्टोबरात पीएसएटी, म्हणजे एसएटी ह्या कॉलेज प्रवेशपरीक्षेची सराव परीक्षा, शाळेतच होते. एसएटी आता पूर्ण कॉम्प्युटरवर आहे, तयारीसाठी खान अकॅडमी आणि ब्लूबुक अ‍ॅपवरच्या प्रॅक्टिस टेस्ट फुकट आहेत, आधी त्या संपवा मग क्लासचं बघा. यूसी तर एसएटी बघतच नाही.

ह्याच वर्षी वसंतात काउन्सेलर एक ब्रॅग शीट देतात, एक मुलासाठी आणि बऱ्याच शाळांत एक पालकांसाठी. हा कागद शिफारसपत्राचा कच्चा माल असतो. आपल्या लोकांची ह्यावर लिहायची पद्धत ठरलेली, हुशार आहे, कष्टाळू आहे, मोठ्यांना मान देतो. ह्यातून काउन्सेलर काय लिहिणार? ज्यांच्या समोर तीनशे मुलांचे कागद आहेत त्यांना प्रसंग द्या. आजी भारतातून आली की डॉक्टरकडे तिच्यासाठी इंग्लिश-मराठी करायला मुलगीच जाते. मंडळाच्या ढोल-ताशा पथकात लहान मुलांना बसवून ताल शिकवतो, तीन वर्षं एकही सराव चुकवला नाही. केमिस्ट्रीत बी आला त्या सेमिस्टरला घरात आजारपण होतं. ही शेवटची गोष्ट तर नक्की सांगा, आपण घरचं बाहेर सांगत नाही पण घसरलेल्या मार्कांमागचं कारण काउन्सेलरच्या पत्रातून कॉलेजला कळलं तर त्याला वजन येतं आणि मुलाचा निबंध त्यात खर्ची पडत नाही.

शाळेत नेव्हिआन्स (Naviance) किंवा स्कोअर (Scoir) असं काही सॉफ्टवेअर असेल तर लॉगिन मागून घ्या. तुमच्याच शाळेतून आधीच्या वर्षांत किती जीपीए (ग्रेडची सरासरी) असलेल्या मुलांना कुठे मिळालं, कुठे नाही, हे बहुतेक वेळा त्यात ग्राफवर दिसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐकलेल्या गोष्टींपेक्षा हे शंभर पटीने खरं. शिक्षकांची शिफारसपत्रं मात्र मुलाने स्वतः जाऊन मागायची, अकरावी संपायच्या आत, दोन शिक्षकांना, ज्यांनी अकरावीत शिकवलंय अशांना.

बारावीत कॉमन अ‍ॅप 1 ऑगस्टला उघडतं. बऱ्याच कॉलेजांना चालणारा हा एकच ऑनलाइन अर्ज. त्यात मुलाचा निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा, दहापर्यंत अ‍ॅक्टिव्हिटी, आणि काउन्सेलरच्या बाजूने स्कूल रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट आणि पत्र. कॉलेजची तारीख 1 नोव्हेंबर असली तरी शाळेची आतली तारीख त्याच्या काही आठवडे आधी असते, तीच तुमची खरी तारीख. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजांची यादी काउन्सेलरला द्या. शिफारसपत्रं वाचायचा हक्क सोडतो अशी एक टिक असते, ती बहुतेक मुलं करतात, पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं कॉलेजला वाटावं म्हणून. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर करायचा बंधनकारक अर्ज, घेत असाल तर सावध, त्यावर मूल, पालक आणि काउन्सेलर तिघांची सही असते आणि मिळालं की जायचंच असतं, पैशांचं गणित आधी झालेलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. अर्ली अ‍ॅक्शनला असं बंधन नाही. यूसीचा अर्ज वेगळाच, तिथे काउन्सेलरचं पत्र नाही, आठातल्या चार प्रश्नांची 350 शब्दांपर्यंतची उत्तरं.

आता पैसे. फाफ्सा हा सरकारी मदतीचा फॉर्म फुकट असतो, भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. बऱ्याच शाळांत काउन्सेलर त्यासाठी संध्याकाळी एक सेशन ठेवतात, त्याला जा. आपल्या घरांत एक गैरसमज पक्का बसलाय की आपण एच-वन वर (नोकरीच्या व्हिसावर) म्हणजे मुलाला फाफ्सा नाही. मूल इथे जन्मलेलं, अमेरिकन नागरिक असेल तर ते भरू शकतं, आईवडिलांचा व्हिसा आड येत नाही. ग्रीन कार्ड असलेलं मूलही भरू शकतं. एच-फोर वर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलाला मात्र फेडरल मदत मिळत नाही, आणि हे खूप जड जातं, मुलाचं सगळं शिक्षण इथे झालेलं असतं तरीही. अशा मुलांसाठी तीन गोष्टी लवकर विचारा: राज्याच्या युनिव्हर्सिटीत इन-स्टेट फी लागेल का, हे कॉलेजचं रेसिडेन्सी ऑफिस सांगतं. दुसरं, खाजगी कॉलेज स्वतःच्या पैशातून मदत देतं का आणि त्यासाठी सीएसएस प्रोफाईल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा वेगळा फॉर्म) लागतं का. आणि 21 पूर्ण झाल्यावर एच-फोर संपतो त्याचं काय, ह्याला मात्र इमिग्रेशन वकीलच लागतो, काउन्सेलरला व्हिसाचं माहीत असेल असं धरू नका.

कॉलेजच्या वेबसाईटवर नेट प्राईस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती खर्च येईल ते तो सांगतो, तो यादी ठरवतानाच चालवून बघा. उत्पन्न कमी असेल, नोकरी गेली असेल तर एसएटी आणि अर्जाच्या फीची माफी काउन्सेलरमार्फत मिळते, त्यात लाज कसली, ती त्यासाठीच ठेवलेली आहे. काउन्सेलरच्या ऑफिसात गावातल्या स्कॉलरशिपची यादीही असते, रोटरी, पीटीए, क्रेडिट युनियन वगैरे, पाचशे-हजार डॉलरच्या, आणि तिथे अर्ज करणारे थोडे असतात.

कम्युनिटी कॉलेजचं नाव काढलं की आपल्याकडे चेहरे पडतात. तसं करू नका. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून अटी पूर्ण केल्या तर सहा यूसी कॅम्पसमध्ये ट्रान्सफरची जागा हमीने मिळते, शेवटी डिग्री तीच आणि दोन वर्षांचा खर्च कितीतरी कमी. काउन्सेलरने हे सुचवलं तर तो मुलाचा अपमान समजू नका.

आणि मूल झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प झालं असेल तर तेही काउन्सेलरकडेच न्यायचं, ह्या कामाचं शिक्षण त्यांना असतं. रात्री-अपरात्री 988 ह्या मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करता येतो.

निकाल आल्यावरही ऑफिसशी संबंध संपत नाही. पहिल्या सेमिस्टरचे मार्क मिड-इयर रिपोर्टमधून जातात, 1 मे पर्यंत बहुतेक ठिकाणी एका कॉलेजला हो म्हणायचं असतं, आणि शाळा संपल्यावर फायनल ट्रान्सक्रिप्ट जातो. वसंतात मार्क फार घसरले तर दिलेली जागा परत घेतल्याची उदाहरणं आहेत. फायनल ट्रान्सक्रिप्ट कोणत्या कॉलेजला पाठवायचा हे बऱ्याच शाळांत मुलानेच कळवायचं असतं, ते कळवलं का एवढं जूनच्या आधी विचारून घ्या. आणि कॉमन अ‍ॅप, कॉलेज बोर्ड, कॉलेजचं पोर्टल सगळीकडे शाळेचा ईमेल दिलेला असेल तर तो मे महिन्यातच बदलून स्वतःचा टाका, बऱ्याच शाळा ग्रॅज्युएशननंतर ते अकाउंट बंद करतात आणि हॉस्टेलचे, फीचे मेल नेमके तेव्हाच येत असतात.