टायटॅनियमवर हाडाच्या पेशी वाढवताना

टायटॅनियमच्या चकत्यांवर हाडाच्या पेशी वाढवायला घेतल्या, तेव्हा माझे पहिले तीन आठवडे पाण्यात गेले. चकत्या मी नुसत्या अल्कोहोलने पुसल्या होत्या. पेशी धातूला थेट चिकटत नाहीत. मीडियममधल्या (पेशी वाढवायच्या पोषक द्रवातल्या) सीरमची प्रथिनं आधी पृष्ठभागावर बसतात आणि पेशी ती धरतात. खाली कापण्याच्या यंत्राचं तेल उरलं असेल, तर पुढचं सगळंच बिघडतं. म्हणून अ‍ॅसिटोन, इथेनॉल, डिस्टिल्ड वॉटर या क्रमाने प्रत्येकात १५ मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) धुवा, मग ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा.

सुरुवातीला उंदराच्या कवटीपासून मिळवलेल्या एमसी३टी३-ई१ पेशी बऱ्या. दर चौरस सेंटिमीटरला १०,००० पुरतात. मीडियम एकदम ओतू नका. पेशींचा ५० मायक्रोलिटरचा थेंब चकतीच्या मधोमध सोडा, काठावरून ओघळू देऊ नका. तासभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा, मग वेलच्या (चकती ठेवलेल्या प्लास्टिकच्या खळग्याच्या) कडेने हळूच मीडियम भरा.

मोजणीच्या दिवशी चकती चिमट्याने उचलून नव्या वेलमध्ये ठेवा. हे विसरलात, तर तळाच्या प्लास्टिकवर वाढलेल्या पेशीही धातूच्या खात्यात जमा होतात. धातूतून प्रकाश जात नाही, त्यामुळे नेहमीचा इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप इथे कामाचा नाही. पेशीचा आतला सांगाडा दाखवणाऱ्या फॅलॉइडिनने रंगवून फ्लुओरेसन्सखाली वरून बघा. गुळगुळीत चकतीवर पेशी पसरट दिसतात, खरबरीतवर बारीक पाय काढून खड्ड्यांच्या कडा धरून बसलेल्या.

खरबरीत चकतीवर संख्या बऱ्याचदा कमी भरते. तेवढ्यावरून ती बाद करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मीडियममध्ये ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घाला आणि आठवडा-दोन आठवड्यांनी अल्कलाइन फॉस्फटेज (हाड घडवू लागलेल्या पेशींमध्ये वाढणारं एन्झाइम) मोजा. प्रत्येक पेशीमागे ते जास्त आलं, तर पेशी संख्या वाढवणं आवरून हाड घडवण्याकडे वळल्या आहेत असं समजा. इम्प्लांटला तेच हवं असतं.

तीन आठवड्यांनी, पेशींनी हाडाचं खनिज साठवलं का ते बघायला, अलिझरिन रेड. ते कॅल्शियमला लाल रंगवतं, मग ते कॅल्शियम कुठलंही असो. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा (हाडात असतं तसल्या कॅल्शियमच्या खनिजाचा) लेप असलेली चकती पेशींशिवायही लालभडक होते. अशी एक रिकामी चकती पहिल्या दिवसापासून त्याच मीडियममध्ये ठेवा आणि तिचा आकडा वजा करा.