क्रँक सेन्सर बदलायचाय? आधी एवढी तयारी ठेवा

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जुनी गाडी सिग्नलला अचानक बंद पडते आणि अर्धा तास सावलीत उभी राहिली की मुकाट सुरू होते, तेव्हा पहिला संशय क्रँक सेन्सरवर जातो, म्हणजे इंजिनचा क्रँकशाफ्ट फिरतोय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. पण इंजिनला पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप तापला की तोही असाच दगा देतो, म्हणून पार्ट आणण्याआधी खात्री करा. बंद पडल्या पडल्या सेल्फ मारून आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो जराही हलला नाही, तर सेन्सरचा सिग्नल येत नाही असं समजा. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर गाडीला लागत असेल तर पी०३३५ हा कोड शोधा.

मल्टीमीटर जवळ असू द्या. दोन तारांचा सेन्सर चुंबकी असतो. त्याचा रोध साधारण काहीशे ते हजारभर ओहम असतो, तो गार आणि गरम असा दोन्ही वेळा मोजा. गरम असताना सर्किट ओपन, म्हणजे आतली तार तुटल्यासारखं दिसलं की निकाल लागला, सेन्सर गेला. तीन तारांचा बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे बाहेरून वीज लागणारा असतो. तो ओहमवर तपासू नका, चावी फिरवून कप्लरला (तारांच्या प्लास्टिकच्या जोडाला) ५ किंवा १२ व्होल्ट येतात का तेवढं पाहा.

नागपुरात घाट रोडला पार्ट घ्यायला जाताना आरसी बुक न्या आणि जुन्या सेन्सरवरचा नंबर जुळवूनच घ्या. दिसायला सारखा पण लांबीला किंचित कमी असला, तरी सेन्सरचं टोक आणि त्याच्यासमोर फिरणाऱ्या चाकाचे दात यांच्यातलं अंतर बिघडतं. ते मुळात मिलिमीटरभरच असतं. नवी ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी रिंग) मागून घ्या.

आदल्या रात्री बोल्टवर रस्ट स्प्रे मारून ठेवा आणि काम पहाटे, इंजिन गार असताना करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. १०चा सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, टॉर्च हाताशी हवं. खालून हात घालावा लागणार असेल तर घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय शिरूच नका, नुसत्या जॅकवर भरवसा अजिबात नको.

खरी काळजी घ्यायची ती कप्लरची. इतक्या वर्षांच्या उन्हाने त्याचं लॉक बिस्किटासारखं मोडतं, म्हणून तारांसकट एक जादा कप्लर आणूनच ठेवा. तारेवरचं आवरण कडक झालंय का, उंदरांनी कुरतडलंय का, हे बोटांनी चाचपा. काढण्याआधी तारेच्या वाटेचा फोटो घ्या. सायलेन्सरच्या पाइपला चिकटलेली तार नवा सेन्सरही टिकू देणार नाही, त्यासाठी श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर तारेला आवळून बसणारी नळी) आणि केबल टाय ठेवा.

ट्रायल दुपारी तीनला, एसी लावून, वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत घ्या. तोवर जुना सेन्सर फेकू नका.